क्रुसावर लॅटिन कशाला? रमाबाई आणि वाँटेजच्या भगिनी

मंडळीत नव्याने आलेल्या माणसाकडून आपण नेमके काय मागतो, हा विषय मराठी ख्रिस्ती घरांत अधूनमधून निघतो आणि बहुधा कुंकू, मंगळसूत्र, दिवाळीचा फराळ यांच्यापाशी येऊन अडतो. बाप्तिस्मा झाला, पण टिकली अजून तशीच आहे, अशी कुजबुज उपासना संपल्यावर चर्चच्या आवारात कोणीही ऐकली असेल. या भांडणाचे एक जुने प्रकरण तारीखवार पत्रांसकट आपल्यापुढे आहे. पंडिता रमाबाई आणि त्यांना आसरा देणारे इंग्लंडमधले भगिनीमंडळ यांच्यात १८८४ ते १८८६ या काळात जे झाले ते हेच भांडण होते. त्यात पाद्र्यांपेक्षा बायकाच जास्त बोलल्या आहेत, आणि दोन्ही बाजूंना बुद्धी आहे, माया आहे, हट्टही आहे. त्या मंडळातल्या सिस्टर जेराल्डीन यांनी सांभाळून एकत्र केलेली ही पत्रे १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने इंग्रजीत छापली.

रमाबाईंची पूर्वकथा बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवले. दुष्काळात आईवडील गेले. भाऊ श्रीनिवास याच्यासोबत पुराणे सांगत भारतभर फिरणे, १८७८ मध्ये कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या, तिथे ब्राह्मसमाजाचा सहवास, मग भावाचा मृत्यू. बंगाली वकील बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी जात ओलांडून लग्न, मनोरमेचा जन्म, आणि १८८२ च्या आरंभी वैधव्य. त्याच वर्षी त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज उभा केला आणि शिक्षणाविषयीच्या हंटर आयोगापुढे साक्ष दिली. या बाईने इंग्लंडला जाण्याआधीच बहुतेक सगळी घरे सोडलेली होती, एवढे ध्यानात ठेवले की पुरे. जात, माहेर, सासर, पुराणिकाची गादी, यांपैकी काहीच हातात उरले नव्हते.

आत येण्याची वाट

सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, भगिनीमंडळाचे मूळ ठाणे ऑक्सफर्डजवळच्या वाँटेज गावात. वाँटेजचे धर्मगुरू विल्यम बटलर यांनी ते १८४८ मध्ये सुरू केले. १८७७ पासून या भगिनी पुण्यातही होत्या, पंचहौद मिशनच्या परिसरात. याच मिशनमध्ये १८९० साली चहा घेतला म्हणून पुढे रानडे आणि टिळक यांच्यासह पुष्कळांवर ग्रामण्य, म्हणजे जातीकडून बहिष्काराची कारवाई, झाले. त्या पुण्यात एक कप चहासुद्धा माणूस कोणाचा हे ठरवायला पुरेसा होता. तिथल्याच एका विधवेने मुलीला घेऊन समुद्र ओलांडायचा आणि भगिनींच्या घरी राहायचे म्हणजे काय, याची कल्पना यावरून करावी.

प्रवासाचा खर्च रमाबाईंनी स्वतःच्या मराठी पुस्तकाच्या विक्रीतून उभा केला. राहण्याजेवणाच्या बदल्यात हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींना मराठी शिकवायचे ठरले. मनात डॉक्टर होण्याचे होते, पण कमी ऐकू येत असल्यामुळे ते जमले नाही. ख्रिस्ती होणार नाही, असे त्या निघताना उघडपणे सांगत होत्या.

मग १८८३ च्या सप्टेंबरात बाप्तिस्मा कसा झाला? पुढे १९०७ मध्ये रमाबाईंनी आपली साक्ष लिहिली तेव्हा क्रम स्पष्ट सांगितला. लंडनमध्ये फुलहॅम येथे भगिनी चालवत असलेली, समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठीची घरे त्यांनी पाहिली. अशा बायकांना कोणी जवळ घेते, त्यांच्यासाठी झटते, हेच त्यांना नवे होते. धर्मशास्त्रात अशा स्त्रीला काय शिक्षा सांगितली आहे ते त्यांना पाठ होते. या बायका हे का करतात, असे त्यांनी शिकवणाऱ्या भगिनीला विचारले. तिने शोमरोनी स्त्री आणि येशू यांची गोष्ट वाचून दाखवली. मन तिथे ओढले गेले. बुद्धीची खात्री नीलकंठशास्त्री, म्हणजे फादर नेहेम्या गोरे यांच्या लिखाणाने झाली. गोरे स्वतः काशीचे शास्त्री, चित्पावन. संस्कृत पंडितेशी कोणत्या पातळीवर बोलायचे हे त्यांना कळत होते.

याच दिवसांत एक भयंकर गोष्ट घडली. रमाबाईंसोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेजलाच आत्महत्या केली. या प्रसंगाचा रमाबाईंच्या निर्णयाशी काय संबंध होता यावर बरेच तर्क झाले आहेत. मी त्यात भर घालत नाही. परक्या देशात, एकुलती मैत्रीण अशी गेल्यावर थोड्याच दिवसांत घेतलेला तो बाप्तिस्मा होता, एवढी नोंद मात्र हवी.

२९ सप्टेंबरला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. रमाबाईंना ‘मेरी रमा’ हे नाव मिळाले. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात नवरीचे नवे नाव लिहितात, तसेच हे. आणि सासरच्या रीती कोणत्या, त्यांतल्या कोणत्या पाळायच्या, याची खरी बोलणी नाव बदलून झाल्यावर सुरू होतात, तशी ती इथेही झाली.

पुडिंग, क्रूस, वर्ग

सुरुवात जेवणावरून झाली. रमाबाई शाकाहारी होत्या आणि अंडे घातलेले गोडाचे पदार्थही खात नसत. सिस्टर जेराल्डीन यांना त्यात जातीचा अहंकार दिसला. बाई ख्रिस्ती झाली, पण ब्राह्मणीपण सुटले नाही, असा त्याचा अर्थ. रमाबाईंचे उत्तर वाचण्यासारखे आहे. माझा गर्व तुम्ही पुडिंगात, दुधातुपात, पायमोज्यांत हवा तिथे शोधा, असे त्या लिहितात. मी हिंदू आहे, हिंदू म्हणवून घेणे मला आवडते, आणि कोणाला इजा होत नसेल तिथवर वाडवडिलांच्या चाली मी पाळते. मग उलट प्रश्न: एखादी इंग्रज बाई हिंदुस्थानात राहायला आली आणि तिने आपले खाणेपिणे सोडले नाही, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हणेल का?

यात जेराल्डीन यांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. खाणेपिणे आणि जात यांची गाठ आपल्याकडे किती घट्ट आहे हे पुण्यात राहून आलेल्या बाईला समजत होते. नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांमध्ये निरनिराळ्या जातींतून आलेल्या सभासदांना एका पंगतीला बसवताना मिशनऱ्यांचा आणि मराठी पाळकांचा घाम निघाला, हा इतिहास फार जुना नाही. पण रमाबाईंनी शूद्र मानल्या गेलेल्या जातीतल्या माणसाशी लग्न केले होते. त्यांच्या ताटातल्या अंड्यावरून त्यांची जात मोजणे म्हणजे माणूस न पाहता नियम पाहणे झाले.

दुसरा प्रसंग क्रुसाचा. भगिनींची इच्छा होती की रमाबाईंनी गळ्यात क्रूस घालावा. त्यावर लॅटिन शब्द कोरलेले होते. रमाबाईंनी विचारले की लॅटिनमध्ये असे काय आहे जे संस्कृतात नाही? की ब्राह्मणांना संस्कृत जशी देवांची भाषा वाटते तसेच तुम्हाला लॅटिनबद्दल वाटते? मला स्वतःला लॅटिन येत नाही, माझ्या देशातल्या बायकांनाही येत नाही. क्रूस घालायचाच असेल तर त्यावरची अक्षरे संस्कृत असू द्या. संस्कृत पवित्र आहे म्हणून नव्हे, तर ती माझ्या देशाची सर्वांत जुनी आणि सुंदर भाषा आहे म्हणून. हा टोमणा जिव्हारी लागणारा होता. पुरोहितांच्या भाषेखाली दबलेल्या बायकांची कैफियत घेऊन आलेल्या बाईच्या गळ्यात आता दुसऱ्या पुरोहितांची भाषा घालायची होती.

तिसरा प्रसंग चेल्टनहॅमचा. तिथल्या लेडीज कॉलेजात रमाबाई १८८४ पासून शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे असा विचार निघाला. त्यावर मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली: हिंदुस्थानात गेल्यावर लोक काय म्हणतील, बाईचे वजन राहणार नाही. हे पुण्या-कलकत्त्यात शेकडो पुरुषांपुढे पुराण आणि व्याख्यान करून आलेल्या बाईला सांगितले जात होते. माझ्या वडिलांनी कधी हरकत घेतली नाही, नवऱ्याने घेतली नाही, आणि आता इंग्रज लोक घेतात, याचे त्यांना आश्चर्य वाटले. वाटणारच. हिंदुस्थानी चालीरीतींचा दाखला देऊन हिंदुस्थानी बाईला गप्प बसवण्याची ही युक्ती अजून जुनी झालेली नाही.

त्रैक्य

वरच्या भांडणांवरून वाटेल की वाद सगळा रीतिरिवाजांचा होता. तसे नाही. गाभ्यात मतांगीकाराचा, म्हणजे चर्चने ठरवलेली श्रद्धेची कलमे मान्य करण्याचा, प्रश्न होता, आणि इथे मी जेराल्डीन यांच्या बाजूने थोडा जास्त वेळ उभा राहणार आहे.

ब्राह्मसमाजातून आलेल्या रमाबाईंना एकेश्वरवाद सोडायचा नव्हता. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे एकच देव कसे, हे त्रैक्य त्यांच्या बुद्धीला पटेना. ख्रिस्ताचे ईश्वरत्व, कुमारीच्या पोटी जन्म, यांवरही त्यांचे प्रश्न होते. अथनेशियन मतांगीकारातली, जो हे मानत नाही त्याचा नाश होईल अशी कडक भाषा त्यांना अजिबात मान्य नव्हती. त्या बायबल स्वतः वाचत, इतर पंथांच्या लोकांशीही बोलत, आणि भगिनींना नेमके तेच खटकत होते.

आता चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकात प्रौढांच्या बाप्तिस्म्याचा विधी काढून पाहा. त्यात उमेदवाराला प्रेषितांच्या मतांगीकारातील एकेक कलम विचारतात, आणि हे सर्व मी दृढपणे मानतो, असे उत्तर द्यावे लागते. पवित्र आत्म्याकडून गर्भधारणा आणि कुमारी मरियेपासून जन्म, ही कलमे त्यात आहेतच. म्हणजे रमाबाईंनी काहीच न विचारता प्रवेश घेतला होता असे नाही. जेराल्डीन यांना फसवल्यासारखे वाटले असेल तर त्याला आधार होता.

शिवाय जेराल्डीन कोण होत्या हेही पाहिले पाहिजे. चर्च ऑफ इंग्लंडला जुन्या कॅथलिक रीतींकडे वळवणाऱ्या ऑक्सफर्ड चळवळीच्या परंपरेतले हे भगिनीमंडळ. लग्न न करता, घराबाहेर राहून, समाजात काम करण्याची वाट व्हिक्टोरियन काळातल्या इंग्रज बाईला जवळजवळ नव्हती. भगिनीमंडळाने ती दिली, आणि तिची किंमत होती आज्ञापालनाची शपथ. या बायकांना आज्ञा पाळण्यातूनच मोकळीक मिळाली होती. त्यामुळे रमाबाई प्रश्न विचारू लागल्या तेव्हा त्यांना त्यात विचार दिसला नाही, नम्रतेचा अभाव दिसला. रमाबाईंची मोकळीक नेमकी उलट वाटेने आली होती. १८८५ च्या मे महिन्यातल्या पत्रात त्या लिहितात की हिंदुस्थानातल्या पुरोहितवर्गाचे जोखड महत्प्रयासाने मानेवरून काढले आहे, आता दुसरे तसलेच जोखड घेण्याची माझी तयारी नाही. मी ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे, पण पाद्री किंवा बिशप यांच्या तोंडून निघणारा प्रत्येक शब्द मानायला बांधलेली नाही.

शेवटचे वाक्य या प्रकरणाचा कणा आहे असे मला वाटते. रमाबाई कधीही म्हणाल्या नाहीत की मी मंडळीबाहेर जाते. त्यांचा दावा आतून होता. त्यांच्या लेखी बाप्तिस्मा ख्रिस्ताच्या सार्वत्रिक मंडळीत झाला होता, चर्च ऑफ इंग्लंड ही तिची एक शाखा. जेराल्डीन यांच्या लेखी ती शाखा सोडून मंडळी हाताला लागतच नव्हती. ख्रिस्ती देशात आल्यावर इतके पंथ, आणि एकाची शिकवण दुसऱ्याला न जुळणारी, हे पाहून आपण गोंधळून गेलो, असेही रमाबाईंनी लिहिले आहे. बाहेरून येणाऱ्याला हा गोंधळ दिसतो. जन्मापासून एकाच चर्चमध्ये बसणाऱ्याला तो दिसत नाही.

चेल्टनहॅम कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांची भूमिका वेगळी होती. त्याही धार्मिक आणि चर्च ऑफ इंग्लंडच्याच. पण त्यांनी हुकूम केला नाही, वाद घातला. त्रैक्यावर दोघींची लांबलचक पत्रे आहेत. रमाबाई एकेक वचन काढून प्रश्न करतात, बील त्याला उत्तर देतात. रमाबाई पटल्या नाहीत, पण चिडल्याही नाहीत. नव्या सभासदाला वर्गात बसवून पाठांतर घेणाऱ्या पाळकांनी ही पत्रे निदान एकदा वाचावीत.

मनोरमेचा प्रश्न सर्वांत नाजूक होता. तिला धर्म कोणी शिकवायचा, आणि आईला न पटलेली कलमे लेकीला शिकवायची का? भगिनींचा तिच्यावर जीव होता. सिस्टर जेराल्डीन यांना रमाबाई पत्रांत ‘आजीबाई’ म्हणत, त्या नात्यानेच मुलीवरचा त्यांचा हक्क आला होता. रमाबाईंनी इथे माघार घेतली नाही. मुलगी माझी, तिला काय शिकवायचे ते मी ठरवणार.

निकाल, म्हणावा तर

कोणी कोणाला काढून टाकले नाही, कोणी राजीनामा दिला नाही. १८८६ च्या आरंभी आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि तिथेच दोन वर्षांहून अधिक राहिल्या. बोस्टनमध्ये १८८७ च्या डिसेंबरात त्यांच्या कामासाठी जी संस्था निघाली, तिचे अध्यक्ष त्रैक्य न मानणाऱ्या युनिटेरियन पंथाचे पाद्री एडवर्ड एव्हरेट हेल आणि उपाध्यक्षांत एपिस्कोपल, म्हणजे अमेरिकेतल्या अँग्लिकन, चर्चचे फिलिप्स ब्रुक्स. वाँटेजच्या भिंतीआड जे एका टेबलाशी बसले नसते ते इथे एका कागदावर सह्या करत होते. आजीबाईंशी पत्रव्यवहार तुटला नाही. मनोरमा पुढे शिक्षणासाठी वाँटेजला राहिलीही.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन हे विधवांसाठीचे शाळा-वसतिगृह सुरू झाले आणि पुढच्या वर्षी पुण्यात आले. धर्माच्या बाबतीत कोणावर सक्ती नाही, असा नियम. आता प्रश्न उलटा फिरला. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत, आणि मुली येऊन बसू लागल्या. त्यांना हाकलायचे का? रमाबाईंनी हाकलले नाही. १८९३ मध्ये पुण्यात गदारोळ उठला, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली नेल्या. त्याआधी उघड धर्मप्रसार नाही म्हणून मिशनऱ्यांपैकी काहींची नाराजी होतीच. दोन्हीकडच्या दारांत एकाच वेळी उभे राहिल्याचा हा दंड.

याच काळात, १८९१ च्या सुमारास, त्यांचा स्वतःचा आध्यात्मिक अनुभव बदलला. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्या सांगू लागल्या. ज्या गोष्टींवरून वाँटेजशी कडाक्याचे वाद झाले, त्यांतल्या बऱ्याच त्यांनी पुढे स्वतःहून मानल्या. ख्रिस्ताचे ईश्वरत्व आणि वधस्तंभावरचे प्रायश्चित्त हा तर त्यांच्या पुढच्या प्रचाराचा पायाच झाला. म्हणजे जेराल्डीन यांना जे हवे होते ते सहा-सात वर्षांनी मिळाले, फक्त त्यांच्या हातून नाही. थोडा धीर धरला असता तर, हा विचार हे प्रकरण वाचताना दर वेळी येतो. पण धीर धरूनही तसे झाले नसते तर रमाबाईंना मंडळीत जागा असती का, हा प्रश्न अधिक अवघड आहे, आणि त्याचे उत्तर पत्रांत नाही.

केडगावात

पुणे-दौंड मार्गावरच्या केडगावी दुष्काळातल्या मुलींसाठी मुक्ती मिशन उभे राहिले. १८९६-९७ चा दुष्काळ, मग १९०० चा. शतक बदलताना तिथल्या बायकामुलींची संख्या दोन हजारांच्या घरात गेली होती. इथली मंडळी कोणत्याही एका पंथाची नव्हती. उपासना मराठीत, बसायला जमीन, आणि प्रार्थना चालवायला बायका. वाँटेजने दाखवलेली आणि सर्वांत खोल रुजलेली गोष्ट इथे कृपा सदनाच्या रूपाने आली, फुलहॅमला पाहिलेल्या त्याच बायकांसाठी. आज्ञापालनाची शपथ मात्र आली नाही.

१९०५ च्या जूनअखेर मुक्तीत संजीवन, म्हणजे श्रद्धेच्या नव्या जागृतीची लाट, सुरू झाले. मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, हसू लागल्या. बाहेरच्या काही लोकांना हा बेशिस्तपणा वाटला. रमाबाईंनी उलट विचारले की हिंदी ख्रिस्ती माणसांत काम करायला पवित्र आत्म्याला मोकळीक का नसावी? पाश्चात्त्य शिस्त हीच उपासनेची एकमेव रीत का? १८८५ चा लॅटिन क्रूस इथे नव्या रूपात पुढे आलेला दिसतो.

आणि तरीही हे चित्र एकसूरी नाही. शेवटच्या वर्षांत रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या. अर्धशिक्षित बाईलाही कळावे म्हणून त्यांनी साधी मराठी धरली आणि संस्कृत शब्द, विशेषतः हिंदू पूजाविधींचा वास असलेले, जाणूनबुजून टाळले. तरुणपणी जी भाषा देशाची सर्वांत सुंदर म्हणून क्रुसावर हवी होती तीच आता त्यांनी ग्रंथातून काढली. याला काहीजण रमाबाई कडव्या झाल्याचा पुरावा मानतात. मला त्यात जुनाच प्रश्न दिसतो: गळ्यातल्या क्रुसावर आणि हातातल्या ग्रंथात जे लिहिले आहे ते माझ्या देशातल्या बायकांना वाचता येईल का? उत्तर मात्र बदलले, कारण १८८५ मध्ये मनासमोर पंडिता होत्या आणि १९२० मध्ये दुष्काळातून आलेल्या खेड्यातल्या मुली. हे भाषांतर मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातून छापले गेले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, मनोरमा आदल्याच वर्षी गेली होती, आणि पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आले.

चर्च ऑफ इंग्लंड आपल्या दिनदर्शिकेत ३० एप्रिलला त्यांचे स्मरण करते, ‘पंडिता मेरी रमाबाई, शास्त्राच्या भाषांतरकार’ म्हणून. अथनेशियन मतांगीकार मान्य होता की नाही याचा त्या नोंदीत उल्लेख नाही.